पाच व्होल्ट

ऐन जुलैत सिस्टरची गाडी अडून बसली. सिस्टर म्हणजे गुहागर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई. त्यांच्याकडच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, एसटी दिवसातून दोनदा, आणि लसीकरणाच्या दिवशी लसींचा थंड डबा वेळेत पोचवायचा तर हाताशी वाहन हवंच. म्हणून त्यांनी २००७ सालची एक छोटी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली होती. गाडीनं आजवर कधी त्रास दिला नव्हता.

दुखणं सुरुवातीला येऊन-जाऊन होतं. सकाळी किल्ली फिरवली की स्टार्टर नीट फिरे, पण इंजिन पकडत नसे. दुपारी उघडीप मिळाली, ऊन पडलं, की तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मग एक दिवस ऊन पडूनही ती सुरू झाली नाही. चिपळूणहून मेकॅनिक आला. त्यानं स्कॅनर लावला, पण स्कॅनर गाडीशी जोडलाच जाईना. ‘सिस्टर, ईसीएम गेलाय,’ तो म्हणाला. नवीन घातला तर तीस हजारांच्या घरात जाईल, त्यापेक्षा कुर्ल्याच्या बाजारातून जुना मिळवून देतो. जुना आला, बसवला, आणि गाडी तरी गप्पच. किल्लीच्या मुठीत एक चिप असते. तिचा संकेत गाडीच्या स्वतःच्या ईसीएममध्ये नोंदलेला असतो. परक्या ईसीएमच्या लेखी ती किल्ली चोराची. मेकॅनिक सरळ माणूस होता. त्यानं जुना डबा परत नेला, मजुरी घेतली नाही, आणि ‘आता कंपनीच्या वर्कशॉपलाच न्या,’ असं सांगून गेला.

हा ईसीएम म्हणजे वहीएवढा एक ॲल्युमिनियमचा डबा. इंजिन किती वेगानं फिरतंय, किती तापलंय, किती हवा आत घेतंय हे सेन्सर त्याला सतत कळवत असतात, आणि त्यावरून कोणत्या क्षणी किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी केव्हा टाकायची हे तो ठरवतो. २००० सालापासून आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरची सद्दी संपली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर एक भाग पेट्रोलला हवेचे साधारण १४.७ भाग हे प्रमाण सांभाळावं लागतं, आणि घाटात, पावसात, गर्दीत ते सांभाळणं कार्ब्युरेटरला जमणारं नव्हतं. ‘पूर्वीच्या गाड्या कोणीही दुरुस्त करायचा’ असं हळहळून सांगणारी माणसं भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. त्या गाड्यांचा धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जात होता. शिवाय डबा कितीही बंदिस्त दिसला तरी तो माणसानंच बनवलेला आहे, आणि शांतपणे बघणाऱ्याला त्यातलं पुष्कळ काही कळू शकतं. ही गोष्ट तशा बघण्याचीच आहे.

सिस्टरचा मुलगा रत्नागिरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. घरात त्याला बंड्या म्हणत. शनिवारी तो घरी आला, हकिगत ऐकली, आणि बाह्याच सरसावल्या. ‘आई, तीस हजार घालू नकोस. आतला एखादा कंडेन्सर गेला असणार. मी उघडतो.’ मोबाइलवर त्यानं असल्या दुरुस्त्या पाहिल्या होत्या आणि त्याचा अंदाज वेडगळ नव्हता. पंधरा-वीस वर्षांच्या ईसीएममधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे हेच कंडेन्सर, कोरडे पडतात किंवा गळतात, हे जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यानं डॅशबोर्डचा कप्पा खोलायला स्क्रूड्रायव्हर घेतला, तेवढ्यात पडवीतून नानांचा आवाज आला.

नाना म्हणजे सिस्टरचे वडील. चिपळूणच्या बाजारात त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला, तेव्हा ते ऐन उमेदीत होते. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि दुकान छतापर्यंत बुडालं. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा उघडलं नाही. वाचलेली हत्यारं मात्र पुसून, तेल लावून घरी आणून ठेवली होती.

‘ईसीएम गेलाय हे कशावरून?’ नानांनी विचारलं.

‘स्कॅनर लागत नाही, नाना. शिवाय किल्ली ऑन केली की इंजिनाचा पिवळा दिवा लागायला हवा, तोही लागत नाही.’

‘म्हणजे तो बोलत नाही एवढंच कळलं. त्याला जेवण मिळतंय का, हे कोणी बघितलं?’

बंड्यानं मान हलवली. कोणी बघितलं नव्हतं.

‘मग उघडायचा कशाला? मीटर आण.’

नानांना गाड्यांमधलं फारसं कळत नव्हतं, आणि ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. ‘मला ह्याचं सर्किट दे. सर्किटाशिवाय मी वायरला हात लावत नाही.’ बंड्यानं त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं, वायरिंगची पानं छापून आणली. दोघं जमिनीवर पानं पसरून बसले. ईसीएमच्या कपलरमध्ये बारा व्होल्ट कोणकोणत्या पिनांवर येतात, अर्थ कोणत्या पिनांवर आहे, हे नानांनी लाल-निळ्या पेन्सिलीनं खुणावून घेतलं.

मग तपासणी सुरू झाली. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून नानांचं समाधान होत नसे. ते दोन्ही टोकांना मीटर लावत. फ्यूज ठीक. मेन रिले किल्लीबरोबर ‘टक’ करतो, ठीक. कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन घालून पाहिलं, तर बारा व्होल्ट पोचत होते. अर्थ तपासताना बंड्यानं मीटर ओहमवर टाकलं, तेव्हा नानांनी त्याचा हात धरला. ‘विजेखालच्या सर्किटात ओहम बघायचे नाहीत. आणि एका धाग्यानं चिकटून राहिलेली वायरसुद्धा शून्य ओहम दाखवते. किल्ली ऑन ठेव, आणि ह्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघ.’ मीटरनं ०.०३ दाखवले. ०.१च्या आत आहे, म्हणजे अर्थ चांगला. ही एक तपासणी न केल्यामुळे किती धडधाकट ईसीएम भंगारात गेले असतील, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

‘जेवण मिळतंय,’ नाना म्हणाले. ‘आता तो काय देतो ते बघू.’

ईसीएम स्वतःच्या पोटात बाराचे पाच व्होल्ट करतो आणि तेच पुढे सेन्सरांना पुरवतो. थ्रॉटलवरच्या सेन्सरचं कपलर काढून त्या वायरवर मीटर लावलं. पाच हवे होते. आकडा दोनच्या आसपास हेलकावे खात होता. बंड्या ओरडलाच, ‘बघा! आतच गेलाय!’

‘थांब. पाचचे दोन आतल्या आत झाले, की बाहेर कोणी ओढून घेतंय?’

हा प्रश्न बंड्याला सुचला नव्हता. पाच व्होल्टांची ती एकच वायर दोन-तीन सेन्सरांकडे जाते. त्यांपैकी एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, किंवा उंदरानं कुरतडलेली वायर बॉडीला टेकत असेल, तर चांगल्या ईसीएमचेही पाच व्होल्ट कोसळतात. मग नवा डबा घाला नाहीतर जुना, सारखंच. त्यांनी दरवेळी किल्ली बंद करत एकेक सेन्सर सोडवला आणि पुन्हा मोजलं. आकडा तसाच हेलकावत राहिला. शेवटी किल्ली बंद ठेवून, बॅटरी सोडवून आणि ईसीएमचं कपलर काढून त्या वायरचा बॉडीशी कुठं संबंध येतो का तेही पाहिलं, येत नव्हता. शनिवार त्यातच मावळला. सिस्टर दिवेलागणीला एसटीनं घरी आल्या, पसरलेली पानं बघून म्हणाल्या, ‘अजून उघडलासुद्धा नाही?’

‘आता उघडू शकतो, बाय,’ नाना म्हणाले.

रविवारी सकाळी उघडीप होती. बॅटरीला पाना लावताना नानांनी आधी मायनस काढायला लावलं. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडवायला गेलं आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर सगळी बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. आधी मायनस काढलं की मग पाना कुठंही टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट, मायनस शेवटी. हे बंड्याला माहीत होतं. पण मायनस काढल्याबरोबर तो कप्प्याकडे वळला, तेव्हा नाना पायरीवर बसले आणि त्यालाही बसायला सांगितलं.

‘ह्या गाडीत एअरबॅग आहे ना? मॅन्युअलात काय लिहिलंय?’

मॅन्युअलात बॅटरी काढल्यावर थांबायला सांगितलं होतं. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग फुटायला हवी, म्हणून तिच्या मॉड्यूलमध्ये कपॅसिटरात वीज साठवलेली असते. ती उतरायला वेळ लागतो. नानांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टांपर्यंत दाब असे, आणि टीव्ही बंद करून प्लग काढल्यावरही काचेत तो दडून बसे. तरुणपणी त्यांच्या शेजारच्या दुकानातला एक पोरगा त्या धक्क्यानं मागच्या कपाटावर आदळला होता. ‘बंद केलेलं सगळं बंद झालेलं नसतं,’ एवढं म्हणून ते मॅन्युअलात सांगितलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त वेळ पायरीवर बसून राहिले.

कप्पा खोलला. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, मीटर तर मुळीच नाही, कारण मीटरची जराशी वीजसुद्धा तिथं ठिणगीचं काम करू शकते. ईसीएमच्या कपलरची खिट्टी ओढून ते अलगद सुटलं. डबा बाहेर आला तेव्हा त्याच्या खालच्या कडेला पाण्याचे थेंब होते आणि एका स्क्रूभोवती हिरवट चुरा जमला होता. बंड्यानं डबा पुसायला फडकं घेतलं. नानांनी आधी त्याचा फोटो काढायला लावला. ‘हे पाणी कुठून आलं ते आपल्याला विचारायचंय. पुसल्यावर कोणाला विचारणार?’

पडवीतल्या टेबलावर लाकडी पाट ठेवला, त्यावर नानांची काळी अँटिस्टॅटिक चटई. नानांनी बंड्याच्या मनगटावर पट्टा बांधला. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवते ती तीनेक हजार व्होल्ट झाल्यावर. चिप मात्र काही शे व्होल्टांतही बिघडू शकते, आणि बिघडल्याचं त्या दिवशी दिसतही नाही. ‘नाना, एवढ्या दमट हवेत कुठली स्थिर वीज?’ बंड्यानं विचारलं. त्याचं चूक नव्हतं. कोकणातल्या पावसात ती कमीच असते. नाना म्हणाले, ‘डिसेंबरातही तूच बसणार आहेस इथं. हात एकदा शिकतो.’ पट्ट्याच्या वायरमध्ये दहा लाख ओहमचा रोधक असतो, तो माणसासाठी. चुकून हात विजेला लागलाच तर त्या पट्ट्यातून झटका बसू नये म्हणून.

झाकण निघालं आणि कुजलेल्या मासळीसारखा वास आला. बंड्याचा अंदाज खरा ठरला. वीजपुरवठ्याजवळचे दोन कपॅसिटर बुडाशी गळले होते, त्यांच्याखालचं बोर्डावरचं लाखेसारखं आवरण फुगलं होतं, आणि तांब्याची एक बारीक रेघ काळीहिरवी होऊन खंगली होती. गळलेला द्राव आणि वरून आलेली ओल, दोन्ही मिळून पाच व्होल्टांच्या रेषेला वाट फोडून देत होती. ऊन पडून ओल सुकली की गाडी सुरू व्हायची, ती त्यामुळेच.

दोन कपॅसिटर, किंमत वीस-पंचवीस रुपये. बंड्या मोटरसायकलवरून चिपळूणला जाऊन ते घेऊनही आला. १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, माप बरोबर. नानांनी चष्मा लावून ते फिरवून पाहिले आणि टेबलावर ठेवले.

‘हे ८५ डिग्रीचे आहेत. निघालेले १०५चे होते.’

‘तिथं तेवढेच मिळाले. नाना, चालतील की! उद्या आईला पालशेतच्या बाजूला जायचंय, लसीकरण आहे.’

‘चालतील. किती दिवस?’

बंड्या गप्प झाला, कारण उत्तर त्याच्या पुस्तकातच होतं. तापमान दर दहा डिग्रीनं वाढलं की असल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वीस डिग्रीचा फरक म्हणजे पाव. उन्हाळ्यात बंद गाडीत, डॅशबोर्डच्या मागे, किती तापतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. कपॅसिटर उद्या जाणार नाही, परवाही नाही. तो एखाद्या मे महिन्यात मोडकाआगराच्या चढावर जाईल, आणि तेव्हा गाडीत लसींचा डबा असेल किंवा कळा सुरू झालेली एखादी बाई.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १०५चे कपॅसिटर मागवायचे ठरले. ते एसटीच्या पार्सलनं यायला तीन-चार दिवस लागणार होते. सिस्टर सोमवारी पहाटे उठल्या, लसींचा डबा खांद्याला लावला आणि पहिल्या एसटीनं गेल्या. पुढची वाट रिक्षानं आणि पायी. बंड्यानं त्यांना गेटपर्यंत सोडलं. घरी परतल्यावर ८५चे ते दोन कपॅसिटर त्यानं हातात घेऊन बराच वेळ पाहिले. नानांनी त्याला काही म्हटलं नाही. ह्या गोष्टीतलं सगळ्यांत अवघड काम मला हेच वाटतं. डाग देणं सोपं असतं. समोर आई चालत जाताना दिसत असूनही सामान येईपर्यंत हात राखणं फार कठीण.

पार्सल गुरुवारी आलं. बंड्यानं कॉलेजला सुट्टी टाकली. खिडक्या उघड्या, टेबलफॅन धूर बाहेर जाईल असा, चहाचा कप टेबलावर नाही, कारण डागात शिसं असतं आणि ते हाताला लागतं. जुने कपॅसिटर ओढून काढायचे नाहीत. ओढले तर तांब्याचं वर्तुळच उपटून येतं. पंपानं जुना डाग शोषून घेतला, पाय मोकळे झाले, मग ते आपोआप सुटले. पातळ केलेल्या व्हिनेगरनं द्रावाचा अंश मारला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून ते पूर्ण उडून जाईपर्यंत गरम बिट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. खंगलेली तांब्याची रेघ खरवडून पाहिली तर मधेच तुटलेली. तिच्यावरून केसाएवढी एनॅमलची तार टाकली. नव्या कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी म्हणजे मायनस. बसवताना नानांनी ती बोर्डाच्या जुन्या फोटोशी ताडून पाहायला लावली, आणि डाग दिल्यावर पुन्हा एकदा.

डबा गाडीत नेण्याआधी नानांनी जुन्या ट्रंकेतून एक होल्डर काढला. टीव्हीच्या धंद्यात दुरुस्त केलेला सेट कोणी थेट विजेला लावत नसे. मध्ये मालिकेत एक बल्ब असायचा. सेट शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळी वीज स्वतःवर घेतो, सेट वाचतो. तीच युक्ती त्यांनी बारा व्होल्टांवर केली: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, एक फ्यूज, आणि मॅन्युअलात खुणावलेल्या पिनांनाच जोडण्या. बंड्यानं बॅटरी लावली. बल्बची तार क्षणभर लालसर झाली आणि विझली. मीटरवर ४.९९.

बोर्डावर पुन्हा संरक्षक आवरण चढवून, सुकवून, डबा जागेवर गेला. किल्ली ऑन केली. पिवळा दिवा लागला. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला पकडलं. बॅटरी काढलेली असल्यानं सुरुवातीला ते थोडं खालीवर झालं, मग स्थिरावलं. बंड्यानं आनंदानं हॉर्न वाजवला. शेजारची दोन माणसं येऊन उभी राहिली.

‘कप्पा लावू नको अजून,’ नाना म्हणाले. ‘एसी लाव.’

त्यांनी पायाखालचं मॅट उचलून तिथं कोरडं वर्तमानपत्र अंथरलं. पंधरा-वीस मिनिटं एसी चालू ठेवला. एसीनं हवेतून काढलेलं पाणी एका बारीक नळीतून गाडीच्या खाली ठिबकलं पाहिजे. अंगणातली जागा, जिथं ते पडायला हवं होतं, तिथं थेंब नव्हता. आणि आत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ओलीचा डाग पसरत होता. बंड्या गाडीखाली आडवा झाला. नळीचं तोंड चिखलानं लिंपून बंद झालेलं होतं. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलं होतं. कोकणात कुठल्याही भोकात ती घर बांधते. बोथट तारेनं हळूहळू माती कोरून काढली तेव्हा तपेलीभर पाणी भसकन बंड्याच्या बाहीवर आलं. दुपारी नवा पेपर अंथरून पुन्हा एसी चालवला. तो कोरडा राहिला, तेव्हा कुठं कप्प्याचे स्क्रू लागले. नळी शोधली नसती तर १०५ डिग्रीचे कपॅसिटर, एनॅमलची तार, सगळं पुढच्या श्रावणात पुन्हा पाण्यात गेलं असतं आणि दोष मात्र बंड्याच्या हाताला लागला असता.

एवढं झाल्यावर दिसलं, की डॅशबोर्डवर अजून एक दिवा जळतो आहे. किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पाच-सहा सेकंद लागून विझायला हवा. तो विझत नव्हता. ओल तिथंही पोचली होती.

बंड्या आता तयार झाला होता. सर्किट वाचता येत होतं, हात स्थिर होता, सामान टेबलावरच होतं. ‘नाना, त्याचंही मॉड्यूल असंच असतं. मधल्या कन्सोलखाली. चार बोल्ट. थांबायचं किती तेही आता माहीत आहे.’

‘नाही,’ नाना म्हणाले.

‘का? तुम्हीच म्हणता, कारण शोधा, मोजा, मग उघडा. सगळं तसंच करू.’

‘आणि झाल्यावर तपासणार कसं?’

बंड्याच्या लक्षात आलं नाही. नाना गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. ‘ईसीएम आपण दुरुस्त केला. चुकला असता तर गाडी सुरू झाली नसती, फार तर रस्त्यात बंद पडली असती. चूक आपल्याला दिसली असती, पुन्हा डबा काढला असता. ह्या एअरबॅगला फुटायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो, आणि ती बरोबर फुटते का हे बघायला आपल्याजवळ मीटर नाही, बल्ब नाही. तिची परीक्षा एकदाच होणार, आणि त्या वेळी स्टेअरिंगमागे तुझी आई असणार. दिवा विझवता येईल रे. दिवा विझवणं म्हणजे एअरबॅग दुरुस्त करणं नव्हे.’

‘म्हणजे मला जमणार नाही असं म्हणताय.’

‘जमेलही. जमलं की नाही हे तुला कळणार नाही. मला जे घरात तपासून बघता येतं, तेवढंच मी घरात उघडतो. ब्रेकचंही तसंच.’

बंड्या रागावला. जेवताना बोलला नाही. नानांचा अडाणीपणा आहे, असं त्यानं आईला सांगूनही पाहिलं. सिस्टरनी भात वाढता वाढता ऐकून घेतलं. त्या रोज इंजेक्शनं देत होत्या, बाळंतपणं करत होत्या, आणि कोणती बाळंतीण उपकेंद्रात ठेवायची नाही, कोणतीला लगेच तालुक्याला पाठवायची, हे ठरवणं त्यांच्या कामाचाच भाग होता. ‘मी पाठवते तेव्हा मला येत नाही म्हणून पाठवत नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या. ‘शनिवारी वर्कशॉपला फोन कर.’

वर्कशॉपमध्ये बंड्या स्वतः गाडी घेऊन गेला. तिथल्या तंत्रज्ञानं ठरलेल्या वेळेइतकं थांबून मॉड्यूलचं कपलर काढलं, पिनांना गंज चढलेला दाखवला, मॉड्यूल आणि कपलर दोन्ही बदलायला लागतील असं सांगितलं. बिल साडेनऊ हजार झालं. बंड्यानं कुरबुर न करता ते भरलं; मनात हिशेब चालू होताच, पण तंत्रज्ञ नव्या मॉड्यूलला स्वतःची चाचणी पूर्ण करायला लावून, तिचा निकाल पडद्यावर दाखवून, मगच गाडीतून बाहेर आला, हे त्यानं पाहिलं होतं. अशी चाचणी घ्यायला त्यांच्या पडवीत काहीच नव्हतं.

परत येताना त्यानं एक कागद लिहून कप्प्याच्या आतल्या बाजूला चिकटवला: कोणते कपॅसिटर बदलले, किती डिग्रीचे, कोणती रेघ तारेनं सांधली, आणि दर मे महिन्यात एसीची नळी बघावी. पुढं ही गाडी कोणाच्याही हातात पडो, त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

सिस्टरची गाडी घरी दुरुस्त झाल्याची बातमी वाड्यांमधून फिरली. भाऊबीजेला बंड्या घरी होता, तेव्हा पलीकडच्या गावचे एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टेम्पोचा ईसीएम घेऊन आले. टेम्पो दारात उभा आहे, हंगाम चालू आहे, माल सडतोय, तूच बघ, म्हणाले. बंड्यानं पिशवीतून डबा काढून चटईवर ठेवला, हिरवट चुरा दिसतो का ते चारी बाजूंनी पाहिलं. झाकण कोरडं होतं.

‘गाडीवर ह्याला बारा व्होल्ट येतात का बघितलंत, काका? अर्थ?’

‘ते मला काय माहीत? मेकॅनिकनं काढून दिला, म्हणाला हाच गेलाय. तू उघड ना, आलोय एवढा लांबून. तुझे जे काय पैसे होतील ते देतो.’

बंड्यानं डबा परत त्यांच्या हातात दिला आणि मीटर, कोरे कागद नि पेन्सिल पिशवीत भरली. ‘चला, मी येतो तुमच्याबरोबर,’ तो म्हणाला. ‘आधी टेम्पो बघू.’